उद्या माहीत असलेली माणसं

(पनवेल येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांच्या वर्गात मी दोन वर्षं बसले. आठवी आणि नववी. मराठीचा तास शाळा सुटायच्या आधीचा असायचा. पनवेलचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, जुलैत त्या तासाला दिवे लावूनच बसावं लागायचं. नवी गोष्ट वाचायला घेण्याआधी सर तिचा शेवट सांगून टाकायचे. ‘यातला मुलगा घरी परत येत नाही. आता ऐका,’ म्हणायचे आणि पुस्तक उघडायचे. पहिल्या दिवशी आम्ही हिरमुसलो होतो. मग गोष्टीतला तो मुलगा आईला ‘येतो गं’ म्हणून उंबरा ओलांडतो, तिथे सर पोचले आणि वर्गात पानाचीसुद्धा सळसळ झाली नाही. एरवी त्या वाक्यावरून आम्ही भरभर पुढे निघून गेलो असतो.

पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा सरांची ही पद्धत वापरून पाहिली, आणि त्यातून एक प्रश्न डोक्यात राहिला. शेवट ऐकणाऱ्याला माहीत आहे, इथवर ठीक. पण गोष्टीतल्या माणसालाच तो माहीत असला तर? त्या आईला माहीत असतं की मुलगा परत येणार नाही, तर ‘येतो गं’ला तिने काय उत्तर दिलं असतं?

शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी ऐकण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की देवळात बसलेल्या प्रत्येकाला पुढचं माहीत असतं, तरी तारामती मुलाचं प्रेत घेऊन स्मशानात येते तेव्हा पदर डोळ्यांना लागतात. महाभारत तर हे उघडपणे करतं. आदिपर्वात, मुख्य कथा सुरू व्हायच्या आधीच, धृतराष्ट्र सगळ्या युद्धाची हकीकत विलाप करत सांगून टाकतो: अमुक ऐकलं तेव्हाच माझी विजयाची आशा संपली, तमुक ऐकलं तेव्हा संपली. भीष्मपर्वात संजय रणांगणावरून धावत येतो तो भीष्म पडल्याची बातमी घेऊनच. त्यानंतर तो पहिल्या दिवसापासून युद्ध सांगायला बसतो आणि गीता येते ती त्या सांगण्यात. म्हणजे अर्जुनाने धनुष्य खाली ठेवलं हे धृतराष्ट्र ऐकतो, तेव्हा आपला भीष्म बाणांवर पडलेला आहे हे त्याला ठाऊक असतं. गीता वाचताना हा ऐकणारा म्हातारा आपण विसरतो. मला तो विसरता येत नाही.

आणि अर्जुन? अकराव्या अध्यायात त्याला विश्वरूप दिसतं, त्या जळत्या मुखांत भीष्म, द्रोण, कर्ण शिरताना दिसतात. त्याच श्लोकात अर्जुन म्हणतो की आमच्याकडचेही मुख्य योद्धे त्यात आहेत. नाव एकाचंही घेत नाही. अभिमन्यू पडतो तेराव्या दिवशी. त्या संध्याकाळी अर्जुन ज्या तऱ्हेने कोसळतो, ते वाचताना मला दर वेळी वाटतं की त्या मुखांत त्याने नीट पाहिलं नसावं. किंवा पाहिलं असेल आणि नाव घेण्याचं धाडस झालं नसेल.

पात्राला भविष्य कळलं की लिहिणारे बिचकतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. कळलं आहे तर तो टाळत का नाही? टाळलं, तर कळलेलं खोटं ठरतं. नाही टाळलं, तर तो कळसूत्री बाहुली वाटतो. यातून निघालेली एक जुनी वाट म्हणजे कंसाची. आकाशवाणी झाली, म्हणून त्याने बहीण-मेहुण्याला कोंडलं, आणि टाळण्याच्या त्या धडपडीतूनच पुढचं सगळं घडत गेलं. ग्रीकांच्या इडिपसचं तेच. गोष्टीचा पेच म्हणून तो बिनतोड आहे, पण माझं मन त्यात रमत नाही. कळल्यानंतर कंसाला रात्री झोप लागत होती का, देवकीच्या डोळ्यांत बघायला तो कचरत होता का, हे विचारायला त्या गोष्टीत जागा नाही. तिथे भविष्य म्हणजे नुसती किल्ली, फिरवली की यंत्र सुरू.

त्यापेक्षा परीक्षिताकडे बघा. सातव्या दिवशी तक्षक चावेल, हा शाप त्याला कळतो. हीच हकीकत दोन ग्रंथांत आहे. महाभारतातला परीक्षित एका खांबावर महाल उभारतो, भोवती वैद्य, औषधं, पहारे बसवतो. विष उतरवू शकणारा काश्यप त्याच्याकडे यायला निघालेला असतो, तर तक्षक वाटेतच त्याला धन देऊन परत पाठवतो. सातव्या दिवशी सूर्य मावळताना फळात एक बारीकसा किडा दिसतो. आता काय भीती, म्हणून परीक्षित तो गळ्याशी धरतो, आणि तोच तक्षक असतो. भागवतातला परीक्षित मात्र राज्य मुलाच्या हाती देऊन गंगेच्या काठी अन्नपाणी सोडून बसतो, शुकाचार्य येतात, आणि तो सात दिवस ऐकतो. शाप तोच, साप तोच, मुदतही तेवढीच. एकाला त्या सात दिवसांत भिंती सुचल्या, दुसऱ्याला प्रश्न. आपल्या गावोगावी भागवत सप्ताह बसतो तो सातच दिवसांचा का, याचं उत्तर इथे आहे. मंडपात बसलेला प्रत्येक जण त्या मुदतीत बसलेला असतो.

भविष्य कळणं ही गोष्टीतली घटना असते ती एका क्षणाची. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची मुदत, आणि त्या मुदतीत कळलेल्या माणसाच्या आजूबाजूला वावरणारी, न कळलेली माणसं. कळलेला माणूस घरातल्या घरात एकटा पडतो. कथाकाराची परीक्षा होते ती त्या एकटेपणाला तो किती वेळ देतो यावर.

म्हणून आता सावित्रीकडे येते. आज मला मुख्यतः तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

वटपौर्णिमेला आपण आठवतो ती यमाला बोलण्यात अडकवणारी सावित्री. वनपर्वात मार्कंडेय युधिष्ठिराला ही कथा सांगतात, त्यात यमाचा भाग मोठा आहेच. पण मी पुन्हापुन्हा वाचते तो त्याच्या आधीचा भाग. सावित्रीने सत्यवानाला मनाने वरलं आहे. नारद सांगतात, मुलगा सर्वगुणी, दोष एकच, आजपासून वर्षाने त्याचा मृत्यू आहे. बाप अश्वपती म्हणतो, दुसरा निवड. ती नाही म्हणते. लग्न होतं. ती दागिने उतरवून वल्कलं नेसते, आंधळ्या सासऱ्यांची, सासूची, नवऱ्याची सेवा करत राहते. आणि मग एक अख्खं वर्ष कथा दोन-तीन श्लोकांत ओलांडते. झोपता-उठता, रात्रंदिवस नारदांचे शब्द तिच्या मनात होते, एवढंच सांगते.

जाणणारा बाप दूर मद्र देशात. आश्रमात कुणालाच माहीत नाही, सत्यवानाला तर नाहीच. चार दिवस उरले तेव्हा ती तीन रात्रींचं व्रत धरते, उभी राहून. सासरे म्हणतात, फार कठीण आहे गं हे. ती म्हणते, काळजी करू नका. कशासाठी ते सांगत नाही. शेवटच्या सकाळी ती वडीलधाऱ्यांच्या पाया पडते, आणि तपोवनातले सगळे तिला आशीर्वाद देतात तो अखंड सौभाग्याचा. न कळलेल्या माणसांच्या तोंडी नेहमीचाच आशीर्वाद, आणि तो घेणारी उभी आहे दिवसाचे प्रहर मोजत.

सत्यवान कुऱ्हाड खांद्यावर टाकून रानात निघतो. ती म्हणते, आज मी येते. तो म्हणतो, तू उपाशी, रस्ता अवघड, आईबाबांना विचार. ती सांगते, फुललेलं रान बघायचं आहे. सासरे द्युमत्सेन म्हणतात, ही आल्यापासून हिने काही मागितल्याचं मला आठवत नाही, जाऊ दे. आता हे वाक्य बघा. एरवी सुनेच्या कौतुकाचं ते एक साधं वाक्य असतं. सावित्रीला पुढचं माहीत आहे म्हणून त्यातून सबंध वर्ष दिसतं. तिने काही मागितलं नाही, कारण जे मागायचं होतं ते मागण्याची वेळ आली नव्हती.

रानात सत्यवान तिला नद्या दाखवतो, मोर दाखवतो, बघ म्हणतो. ती बघते, हसून उत्तर देते. महाभारतकार म्हणतात, तिने काळजाचे जणू दोन भाग केले होते. एक त्याच्याशी बोलत होता, दुसरा त्या घटकेची वाट बघत होता. भविष्य कळलेल्या पात्राबद्दल याहून नेमकं काही मी कुठल्याही भाषेत वाचलेलं नाही.

हे दोन भाग मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. माझी आत्या इथेच, टपाल नाक्याजवळच्या एका वाड्यात राहायची. तिच्या यजमानांना आम्ही अण्णा म्हणायचो. एका वैशाखात मुंबईच्या डॉक्टरांनी आत्याला आणि माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, फार तर दिवाळीपर्यंत. अण्णांना कळू द्यायचं नाही असं मोठ्यांनी ठरवलं. तेव्हा घराघरांत असंच ठरायचं. दुसऱ्याच आठवड्यात आत्याने लोणच्याच्या कैऱ्या आणल्या, दरवर्षी आणायची तेवढ्याच. मी मदतीला होते. अडकित्त्याने फोडी केल्या, मिठात घातल्या, मेथी तळली, मोहरीची डाळ, हिंग, तेल कडकडवून गार केलं. मोठी चिनी मातीची बरणी गळ्यापर्यंत भरत आली तेव्हा माझ्याच्याने राहवेना. मी हळूच विचारलं, ‘आत्या, यंदा एवढं कशाला गं?’ ती हात न थांबवता म्हणाली, ‘कमी घातलं तर विचारतील ना.’

अण्णा पडवीतून उठून आत आले, एक फोड उचलून तोंडात टाकली. ‘मीठ कमी आहे.’

‘मुरलं की लागेल,’ आत्या म्हणाली, आणि बरणीला दादरा बांधला.

अण्णा आश्विनातच गेले. ती बरणी पुढच्या पाडव्यापर्यंत पुरली. आत्या आम्हाला वाढायची, स्वतःच्या पानात मात्र घ्यायची नाही.

‘मुरलं की लागेल’ हे वाक्य मी आजवर कुठल्या कथेत वाचलेलं नाही, पण लिहिणाऱ्याने शोधायचं असतं ते असं काही. यात भविष्याचा एक शब्द नाही. जिला भविष्य माहीत आहे ती बोलते आहे, एवढंच. गोष्टीत असं पात्र आलं की साध्या बोलण्यालाही दुसरा तळ लागतो, आणि तो फक्त तिला आणि वाचणाऱ्याला दिसतो. समोर फोड चघळत उभ्या असलेल्या माणसाला नाही. वाचणारा आणि ते पात्र यांच्यात एक गुपित तयार होतं. उत्कंठेपेक्षा मला ते कितीतरी मोठं वाटतं.

मराठी कादंबरीत हे गुपित रणजित देसाईंनी १९६२ च्या ‘स्वामी’त सांभाळलं. माधवरावांना राजयक्ष्मा आहे, पुढे काय ते त्यांना माहीत आहे, रमाबाईंना माहीत आहे. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला ते गेले, वय २७, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. इथे पात्र आणि वाचक बरोबरीने चालतात. पण एका जागी वाचक पुढे निघून जातो. माधवरावांना घोर आहे धाकट्या नारायणरावाचा. नुसता घोर. आपल्याला मात्र ३० ऑगस्ट १७७३ माहीत आहे, शनिवारवाडा माहीत आहे. मरणाऱ्याला स्वतःचं मरण दिसतं, भावाचं दिसत नाही, आणि ते आपल्याला दिसतं. इतकी वर्षं मुलंमुली ती शेवटची पानं रडत वाचतात, त्याचं एक कारण मला हे वाटतं.

मे २०२५ मध्ये आपल्यातून गेलेल्या जयंत नारळीकरांचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत पुढे काय घडणार हे कळतं ते गणितातून. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार, मूठभर शास्त्रज्ञांना ठाऊक, बाहेर बोलायचं नाही. ज्याने तो शोधला त्याच्या घरी मात्र धूमकेतू अशुभ म्हणून शांती चालली आहे. नारळीकरांनी कंसाचा पेच एका घावात सोडवला: शापाला उपाय नसतो, आकडेमोडीला असतो. कळलं म्हणूनच टाळता येतं. विज्ञाननिष्ठ माणूस म्हणून मला ते फार पटतं. वाचक म्हणून मात्र मी अडकते त्या घरात, शांतीचा धूर डोळ्यांत जाणाऱ्या त्या माणसापाशी. सगळं जाणणारा आणि काही बोलू न शकणारा, तो सावित्रीच्याच कुळातला आहे.

आता आपल्या तालुक्याकडे येते. डिसेंबर २०२५ पासून नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. उलवे, कोंबडभुजे, तरघर, वाघिवली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावं त्या जागेसाठी उठली. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली. ही गावं एका रात्रीत गेली नाहीत. जाणार हे लोकांना कितीतरी वर्षं आधी माहीत होतं. सर्व्हे, मोजण्या, बैठका, मोर्चे, कागद. त्या काळात तिथे लग्नं झाली, बारशी झाली, दर भाद्रपदात गणपती आले. माझा एक विद्यार्थी त्यांतल्याच एका गावचा. त्यांच्या दाराशेजारी भिंतीवर मोजणीवाल्यांनी लाल रंगाने नंबर टाकला होता. गणपतीच्या आधी त्याची आई नेमाने घराला चुना काढायची आणि तो नंबर तेवढा सोडायची. पुसला गेला तर भरपाईला अडचण येईल म्हणून. चार-पाच वर्षांचे चुन्याचे थर भोवती चढत गेले आणि नंबर खोलात गेल्यासारखा दिसायला लागला, असं त्याने मला सांगितलं.

विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने धरणग्रस्तांचं उठणं आणि नंतरची परवड सांगितली, ते मोठं काम आहे. पण जायचं माहीत असताना राहण्याची ही वर्षं, चुना काढत काढली ती, अजून कुणी मराठीत लिहिलेली मी पाहिली नाहीत. ती पनवेलच्याच कुणीतरी लिहावीत. ज्यांनी तो नंबर डोळ्यांनी पाहिला आहे ते आज पुष्पकनगरात, करंजाड्यात राहतात. काही या सभागृहातही असतील. तुम्ही लिहा. भाषा चुकेल, शुद्धलेखन चुकेल, ते दुरुस्त करायला आम्ही आहोत.

शिरढोण इथून हाकेच्या अंतरावर. वासुदेव बळवंत फडके तिथले. १८७९ च्या वसंतात बंड विस्कटलेलं असताना ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले, देवापुढे प्राण ठेवायच्या विचाराने, आणि तिथे त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. शेवट दिसायला लागलेला माणूस लिहायला बसतो, परीक्षित ऐकायला बसला तसा. प्राण त्यांनी तिथे दिला नाही. जुलैत ते पकडले गेले, कागदही हाती लागले आणि खटल्यात पुरावा म्हणून त्यांच्याच विरुद्ध वापरले गेले. पुढे एडन, तुरुंगाचं दार बिजागरीतून उखडून पलायन, पुन्हा पकडणं, आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये मृत्यू. आपल्याला येणार म्हणून त्यांनी धरलेला शेवट आणि आलेला शेवट यांत चार वर्षांचं अंतर पडलं. शिरढोणला गेले की मी त्या चार वर्षांचा विचार करते.

सावित्रीला मी रानात सोडलं आहे. तिथे परत जाते.

यम निघून गेलेला आहे, वर मिळालेले आहेत. सत्यवान जागा होतो, फार वेळ झोपलो म्हणतो, मला ओढून नेणारा तो काळासावळा कोण होता विचारतो. वर्षभर पोटात ठेवलेलं बोलायची वेळ आता आली, असं आपल्याला वाटतं. ती म्हणते, रात्र फार झाली, घडलं तसं सगळं उद्या सांगेन. सांगणं त्याच रात्री होतं, आश्रमात, ऋषी खोदून विचारायला लागल्यावर. पण त्याआधी रानात एक बारीकशी गोष्ट घडते. सत्यवानाला आईवडिलांची काळजी लागलेली, अंगात त्राण नाही. फळांची भरलेली करंडी तिथेच पडलेली. सावित्री त्याला म्हणते, फळं उद्या ने, कुऱ्हाड मी घेते. करंडी ती झाडाच्या फांदीला अडकवते, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेते, आणि अंधारात दोघं घराकडे चालायला लागतात. नारदांचं बोलणं ऐकलेल्या दिवसापासून तिच्या तोंडी ‘उद्या’ मला कुठे सापडला नव्हता. त्या रात्री तो पुन्हापुन्हा येतो.